एका नरामागे किती माद्या? परसातल्या कोंबड्यांचा हिशोब, पायरी पायरीने

पहिल्या वर्षी माझ्याकडे 9 कोंबड्या आणि 3 कोंबडे होते. ठरवून नव्हे. घरचीच कोंबडी खुडूक झाली, तिच्याखाली अंडी ठेवली, पिल्लं निघाली, वाढली आणि बघता बघता त्यातले तिघं घसा फाटल्यासारखे आरवायला लागले. कुणाला काढायचं ते ठरेना, म्हणून तिघेही राहिले. दोनेक महिन्यांनी एक तांबडी कोंबडी दिवसभर दांडीवरून खाली उतरेनाशी झाली. दाणे टाकले तरी वरूनच बघत बसायची. आजारी असेल म्हणून उचलली, पंख बाजूला केला, तर पाठीवर पीस नाही आणि पंखाखाली कातडीला बोटभर लांब चीर. नराच्या नखीने, म्हणजे पायामागच्या टोकदार काट्याने, फाटलेली. मिटलेल्या पंखाआड ती जखम किती दिवस होती कोण जाणे.

तेव्हापासून मी डोकी मोजण्याआधी पाठी बघते. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांनी सुरुवातीपासूनच हे कसं सांभाळावं, ते क्रमाने सांगते.

एक भाषेची अडचण आधीच सांगून टाकते. ‘कोंबड्या’ म्हणजे अनेक माद्याही आणि ‘कोंबड्याला’ म्हटलं की तो एकटा नर. घोळ नको म्हणून मी बहुतेक ठिकाणी सरळ नर आणि मादी असंच म्हणणार आहे.

पायरी 1: नर हवाच आहे का, ते ठरवा

नर नसेल तर अंडी मिळणार नाहीत, असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. अंडं घालणं हे मादीच्या वयावर, जातीवर, खुराकावर आणि दिवसाच्या उजेडावर चालतं. नर असो नसो, ती घालायची तितकी अंडी घालते. नर नसला तर त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच.

मग नर कशाला? पिल्लं हवी असतील तर तो लागणारच. शिवाय माद्या मोकळ्या चरत असतील तर तो राखण करतो, आणि ही राखण जवळून बघण्यासारखी असते. वरून घार गेली की त्याचा आवाज बारीक आणि ताणलेला येतो, त्यासरशी माद्या झुडपाखाली पळतात किंवा आहेत तिथे दबून बसतात. कुत्रं किंवा मांजर आलं की तोच नर तुटक, ठोकल्यासारखा कट-कट-कटाक करतो, आणि तेव्हा माद्या दबत नाहीत, माना ताठ करून आजूबाजूला बघतात. दोन धोक्यांना दोन वेगळे इशारे, आणि माद्यांना दोन्ही कळतात. खायला काही सापडलं की चांगला नर ते चोचीने उचलतो, खाली टाकतो, परत उचलतो आणि घोगऱ्या आवाजात माद्यांना बोलावतो. माद्यांच्या आपसातल्या भांडणातही तो मधे पडतो.

आता दुसरी बाजू. आरवणं. बेल्जियममधल्या संशोधकांनी 2018 मध्ये नराच्या कानाशीच बारीक मायक्रोफोन लावून मोजलं, तर तिथे आवाज 140 डेसिबलच्या वर भरला. चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची नळी आतून मिटते, म्हणून तो स्वतः बहिरा होत नाही. शेजाऱ्यांच्या कानांना ही सोय नाही. रात्री खुराडं काळ्या कापडाने झाकून बघणारे बरेच असतात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. आरवायचंही राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठात 2013 मध्ये नरांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं, तरी ते शरीरातल्या घड्याळाप्रमाणे आपापल्या ‘पहाटे’ आरवत राहिले. अंधाराने आवाज थोडा उशिरा येईल कदाचित, थांबणार नाही.

माझं मत असं: 4-5 माद्या आहेत, फक्त अंडी हवीत, घरं जवळजवळ आहेत, तर नर ठेवूच नका. नर नसलेल्या कळपात एखादी थोराड मादी पुढारीपण घेते, क्वचित आरवल्यासारखा आवाजही काढते. काळजीचं कारण नाही. आणि नर ठेवायचाच असेल, तर तुमच्या वस्तीत त्याला परवानगी आहे का, हे तो आणण्याआधी विचारा.

पायरी 2: आकडा समजून घ्या

‘एका नराला दहा माद्या’ हे तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. हा मुळात पिल्लं काढणाऱ्यांचा हिशोब आहे. कमीत कमी किती नर ठेवले तर बहुतेक अंडी फळतील, हा त्यांचा प्रश्न. परसात तोच प्रश्न उलटा होतो: कमीत कमी किती माद्या असल्या तर एका नराचा भार एकीवरच पडणार नाही?

सुरुवातीला हे आकडे धरा. लेगहॉर्नसारख्या हलक्या, चपळ जातीत एका नरामागे 10 ते 12 माद्या. ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक अशा मध्यम-भारी जातींत 8 ते 10. ब्रह्मा, कोचीन अशा अवजड, सुस्त जातींत 6 ते 8. नर पहिल्या वर्षातला आणि रगेल असेल तर वरच्या आकड्याच्या बाजूला राहा; तीन वर्षांच्या पुढचा असेल तर खालच्या. उलट वाटेल, पण म्हाताऱ्या नराला माद्या कमी द्यायच्या, नाहीतर बरीच अंडी वांझ निघतात.

नर रोज प्रत्येकीवर चढलाच पाहिजे असं मुळीच नाही. मादीच्या अंडनलिकेत अगदी बारीक नळ्या असतात, त्यांत नराचं बीज दोन आठवड्यांच्या आसपास टिकतं. एकदा संग झाला की पुढचे आठ-दहा दिवस तिची अंडी फळलेली असू शकतात. म्हणजे फलनासाठी लागतं त्यापेक्षा नर कितीतरी जास्त वेळा चढतो, दिवसाला दहा-वीस वेळा सहज. ही उरलेली सगळी धडपड माद्यांच्या पाठीवर जाते.

आणि ती सारखी वाटली जात नाही. प्रत्येक नराच्या एक-दोन लाडक्या असतात. बहुधा त्या, ज्या तो जवळ आला की पळत नाहीत, लगेच खाली बसतात. त्यामुळे 10 माद्या असूनही दोघींच्या पाठी उघड्या आणि आठजणी तुकतुकीत, असं चित्र दिसतं. आकडा बरोबर आहे म्हणून गाफील राहू नका, ते यासाठी.

अगदी लहान कळपाचं काय? 4 माद्या आणि 1 नर हे कधी कधी निभतं. नर शांत, वयाने थोडा पुढे गेलेला आणि चरायला मोकळी जागा असेल तर. मी स्वतः 6 माद्यांच्या खाली नर ठेवत नाही.

आणखी एक गणित नवख्यांना फसवतं. 12 माद्यांना 2 नर म्हणजे 6 ला 1, मग जमेल, असं वाटतं. जमत नाही. दोन नर माद्या वाटून घेत नाहीत. एक चढला की दुसरा धावून येतो, त्याला ढकलतो आणि लगेच स्वतः चढतो. खाली मादी एकच. 20 माद्यांच्या आत दुसरा नर नको, असं मी धरून चालते.

पायरी 3: अंडी बसवण्याआधी जास्तीच्या नरांची सोय लावा

समतोल बिघडतो तो इथे. नर कुणी मुद्दाम विकत आणून वाढवत नाही, ते घरच्या रवणीतून, म्हणजे खुडूक कोंबडीखाली बसवलेल्या अंड्यांतून, वाढतात.

निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. कोंबड्यांमध्ये पिल्लाचं लिंग मादीकडून ठरतं: नरात दोन सारखी गुणसूत्रं असतात, झेड आणि झेड, मादीत झेड आणि डब्ल्यू. मादीकडून कोणतं गेलं त्यावर सगळं, आणि ते अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं. त्यामुळे टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी, अंड्यावर दोऱ्याने टांगलेली अंगठी गोल फिरली तर मादी, असल्या खुणांवर वेळ घालवू नका. उबेचं तापमान वर-खाली करूनही लिंग बदलत नाही. ते मगरींत आणि काही कासवांत होतं, कोंबड्यांत नाही. तापमान चुकलं तर पिल्लं मात्र अंड्यातच मरतात.

निम्मे म्हणजे दर वेळी बरोबर निम्मे असंही नाही. 6 पिल्लं निघाली तर त्यांत 4 किंवा जास्त नर असण्याची शक्यता जवळजवळ तीनातून एकदा असते. लहान रवणीत नशीब असं पालटतं.

म्हणून हिशोब मागून पुढे मांडा. समजा तुम्हाला 8 माद्या हव्यात. त्यासाठी 16 पिल्लं लागतील. चारातली तीन अंडी फुटली असं धरलं तर 21-22 अंडी बसवावी लागतील, म्हणजे दोन खुडूक कोंबड्यांची रवण किंवा यंत्र. 21 दिवसांनी 16 पिल्लं, त्यांतले 8 नर, 1 ठेवला, उरले 7. हा 7 चा आकडा कागदावर लिहा आणि त्याच्यापुढे या सातांचं काय होणार ते लिहा. लिहिता येत नसेल, तर अंडी बसवू नका; वाढलेल्या तलंगा विकत आणा. तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातली तरुण मादी. महाग पडते, पण तिच्यासोबत सात नर येत नाहीत.

मादी म्हणून निवडलेली एक दिवसाची पिल्लंही मिळतात. त्यांचं लिंग गुदद्वार उघडून ओळखण्याची कला जपानमध्ये 1920 च्या दशकात विकसित झाली आणि तिथून जगभर गेली. निष्णात माणूस फार कमी चुकतो, पण चुकतो. 10 ‘माद्यां’त एखादा नर निघाला तर भांडू नका, ते गृहीतच धरा. घरी हा प्रयोग करायचा नाही. पिल्लाची आतडी बाहेर येऊ शकतात.

पायरी 4: नर कोण, मादी कोण, ते वेळेत ओळखा

पहिले तीन-चार आठवडे बहुतेक जातींत काहीच खात्रीने सांगता येत नाही. छाती काढून उभं राहतं म्हणून नर, असं मी कितीदा म्हटलं आणि कितीदा त्याच पिल्लाने पुढे अंडं घातलं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुरा बघा. नराचा रुंद होतो, गुलाबी व्हायला लागतो. मादीचा बारीक आणि पिवळसर राहतो. भारी जातींत नरांना पिसं उशिरा फुटतात, खांदे-पाठ उघडी दिसते. तरीही इतक्यात निकाल लावू नका. काही जातींच्या तलंगांचे तुरेही लवकर लाल होतात. सहाव्या आठवड्यात तुरा बघून मी दोन ‘नर’ ओळखीत देऊन टाकले होते. चार महिन्यांनी निरोप आला: तुमचा एक नर रोज अंडं देतोय.

सगळ्यात भरवशाची खूण बाराव्या आठवड्याच्या सुमारास येते. पिल्लू हातात घ्या, शेपटीच्या अगदी पुढे, पाठ आणि शेपूट जुळतात तिथली पिसं बोटांवर पसरून बघा. नराची पिसं अरुंद, लांब, चकचकीत आणि टोकाला भाल्यासारखी निमुळती. दोन्ही बाजूंना खाली ओघळलेली. मादीची तिथली पिसं रुंद, टोकाला गोल. मानेवरच्या पिसांतही तसाच फरक. अपवाद एवढाच की काही मोजक्या जातींत नरांची पिसंही मादीसारखी गोल असतात.

आरवण्यावर अवलंबून राहू नका. कुणी दोन महिन्यांत सुरू करतो, कुणी पाचव्या महिन्यापर्यंत तोंड उघडत नाही, विशेषतः मोठा नर कळपात असेल तर.

पायरी 5: कोणता ठेवायचा

दिसायला देखणा तो ठेवायचा, हा सगळ्यांचा पहिला मोह. माझाही होता.

चार-पाच महिन्यांचे नर म्हणजे नुसता धुडगूस. मागून पळत येऊन मान पकडायची, खाली पाडायचं. यांच्याकडे बघून कुणाचाही निकाल लावणं चुकीचं. शक्य असेल तर दोन-तीन उमेदवार सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत वेगळ्या कुंपणात ठेवा आणि थोड्या थोड्या वेळासाठी थोर, खमक्या माद्यांत सोडा. अशी मादी त्यांना चोचीने सरळ करते. समवयस्क तलंगांमध्ये वाढलेल्या नराला हे शिक्षण मिळत नाही, तो आडदांड राहण्याची भीती जास्त.

बघायचं ते असं. मूठभर दाणे टाका. जो आधी स्वतः गिळतो तो नको. जो उचलून टाकतो, माद्यांना बोलावतो आणि त्या आल्यावर एक पाऊल मागे सरतो, त्याच्यावर नजर ठेवा. मग चढण्याची रीत: चांगला नर एक पंख जमिनीला घासत मादीभोवती फेर धरतो, ती खाली बसली तर चढतो, निघून गेली तर सोडून देतो. तिसरं, माणसाशी वागणं. पाठ फिरली की पायावर झेप घेणारा नर घरात लहान मुलं असतील तर एक दिवसही ठेवू नये; त्याची झेप मुलाच्या डोळ्यापर्यंत जाते. चौथं, पाय सरळ, बोटं वाकडी नाहीत, तुरा निरोगी, छातीचं हाड वळलेलं नाही.

नातं हा मुद्दा पहिल्या वर्षी डोक्यात येत नाही. एकच नर तीन-चार वर्षं ठेवून त्याच्या मुलींची आणि नातींची अंडी बसवत गेलात, तर अंडी कमी फुटायला लागतात, पिल्लं नाजूक निघतात. पिल्लं काढायची असतील तर दर दोन वर्षांनी बाहेरचा नर आणा. ओळखीतल्या कुणाशी नराची अदलाबदल केली तर दोघांचंही भागतं.

पायरी 6: उरलेले नर

तीनच रस्ते आहेत: देऊन टाकणं, मांसासाठी वाढवणं, किंवा नरांचा वेगळा कळप ठेवणं. ‘बघू पुढे’ हा चौथा रस्ता माद्यांच्या पाठीवरून जातो.

देताना नर कशासाठी चालला आहे ते विचारून घ्या. आणि द्यायचंच असेल तर तीन-चार महिन्यांच्या आत द्या, मारामाऱ्या सुरू होण्याआधी. मांसासाठी वाढवायचे असतील तर तिसऱ्या महिन्यापासून माद्यांपासून वेगळे करा. शांत राहतात आणि अंगही धरतात.

नरांचा वेगळा कळप ऐकायला अशक्य वाटतो, पण एकत्र वाढलेले नर मादी समोर नसेल तर बरेच नीट राहतात. समोर नसेल म्हणजे जाळीपलीकडेही दिसता कामा नये. भिंत हवी किंवा अंतर. जागा भरपूर, दाण्याची भांडी दोन-तीन, आणि मागे लपायला फळ्या किंवा झुडपं. यातला एक बाहेर काढून चार दिवसांनी परत टाकलात तर मात्र तो नवा झाला. त्याला पुन्हा लढूनच जागा मिळवावी लागते.

पायरी 7: बाहेरचा नर आणताना

आल्या आल्या कळपात सोडू नका. निदान तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवा आणि त्याचं काम शेवटी करा, म्हणजे तुमच्या हातापायांवरून काही तिकडून इकडे येणार नाही. शिंका, डोळ्यांतून पाणी, पातळ विष्ठा, पिसांच्या मुळाशी उवा, पायांवरचे खवले उचललेले, हे बघत राहा.

मग आठवडाभर जाळीच्या पलीकडे. एकमेकांना दिसू दे, फुगू दे, जाळीवर चोची मारू दे. त्यानंतर मोकळ्या जागेत, दाणे चार ठिकाणी पसरून सोडा. दिवस असा निवडा की तुम्ही घरी असाल. थोडी चोचाचोची होणारच. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलेफ शेल्डरुप-एब्बे यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिलं, की कोंबड्यांच्या कळपात कोण कुणाला टोचणार याचा क्रम ठरलेला असतो. नवा पक्षी आला की त्यात त्याची जागा नव्याने ठरते. रक्त दिसलं तरच मधे पडा.

नवा नर आल्यावर अंडी दोन-तीन दिवसांतही फळायला लागतात, पण बसवण्यासाठी दहा दिवस थांबलेलं बरं. जुना नर बदलून नव्याचीच पिल्लं हवी असतील तर जुना काढल्यापासून चार आठवडे अंडी बसवू नका, कारण त्याचं बीज माद्यांच्या पोटात शिल्लक असतं.

पायरी 8: दोन नर ठेवायचेच असतील तर

माद्या 20 च्या वर, मोकळं अंगण, दाण्यापाण्याच्या दोन जागा, शक्य तर दोन खुराडी. दोघांपैकी एक दुसऱ्याच्या हाताखाली वाढलेला असावा, बाप-लेक किंवा एका रवणीतले भाऊ. क्रम ठरला की तो आरवण्यातही ऐकू येतो. 2015 मध्ये जपानी संशोधकांनी नोंदवलं की पहाटे आधी वरच्या क्रमाचा नर आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने त्याच्यामागून. तुमच्याकडे हा क्रम अचानक बदलला, तर समजा वर काहीतरी घडलंय: मोठा आजारी आहे किंवा हरला आहे. हरलेल्या नराला जागा नसेल तर दुसरा त्याला दाण्यापर्यंत येऊ देत नाही. तो वाळत जातो, आणि आपण मात्र ‘दोघं छान राहतात’ म्हणत असतो.

माद्यांनाही यात मत असतं. खालच्या क्रमाचा नर जबरदस्तीने चढला तर त्याचं बीज मादी लगेच बाहेर टाकू शकते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे दिसलं आहे. म्हणजे दुसरा नर ठेवून फळलेली अंडी वाढतीलच, असंही नाही.

पायरी 9: दर पंधरा दिवसांनी रात्री पाठी तपासा

सगळ्या लेखातलं हे एक काम चुकवू नका. अंधार पडून सगळ्या दांडीवर बसल्या की छोटी विजेरी घेऊन आत जा. रात्री त्या सुस्त असतात, उचलल्या तरी ओरडत नाहीत. एकेकीच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे हात फिरवा. मग डोक्यामागे, मग दोन्ही पंख उचलून बरगड्यांच्या बाजूला.

हाताला सलग गुळगुळीत लागलं तर ठीक. खरखरीत, काड्यांसारखं लागलं तर पिसं तुटायला लागली आहेत, म्हणजे नर चढताना त्यांवर पाय घासतोय. इथे वेळीच थांबवलं तर जखम होत नाही. आणि एक लक्षात ठेवा: तुटलेलं पीस लगेच परत येत नाही. त्याचं खुंट कातडीत अडकून राहतं आणि पुढच्या पीसझडीलाच, म्हणजे जुनी पिसं गळून नवी येतात तेव्हाच, पडतं. मुळासकट उपटलेलं पीस मात्र काही आठवड्यांत फुटतं.

दरवेळी दोष नराचाच असतो असंही नाही. पीसझड असेल तर ती बहुधा डोकं-मानेपासून सुरू होऊन मागे सरकते आणि खालून नवी कोंबं दिसतात. उवा-गोचडी असतील तर गुदद्वाराभोवती पिसांच्या मुळाशी पांढरे गोळे दिसतात. नराची खूण ठरलेली: डोक्यामागची जागा, जिथे तो चोचीने धरतो, खांदे आणि पाठीचा मागचा भाग, जिथे पाय रोवतो, आणि पंखाखालच्या कुशी, जिथे नखी लागते.

सापडलं तर काय? जखम असलेल्या मादीला लगेच वेगळी करा, कारण रक्त दिसलं की बाकीच्या माद्या टोचून टोचून ती वाढवतात. जखम धुवा, माशा बसू देऊ नका. खोल असेल तर पशुवैद्याला दाखवा. जखम नसून नुसती पाठ उघडी असेल तर मादीला नव्हे, नराला आठ-पंधरा दिवस वेगळा ठेवा. मादी वेगळी केली की तिचा क्रम जातो, परत आल्यावर तिलाच मार खावा लागतो. लाडकीच्या पाठीवर जाड कापडाचं खोगीर बांधता येतं, दोन पंखांतून नाड्या घालून. कामाचं आहे, पण आठवड्यातून एकदा काढून खाली उवा झाल्यात का ते बघा. नराच्या नख्यांची टोकं कानशीने घासून बोथट करा, फक्त टोकं. आत हाड आणि रक्तवाहिनी असते, खोल गेलात तर धार लागते. आणि एवढं सगळं करूनही पाठी उघड्याच राहिल्या, तर तुमचा आकडा तुमच्या कळपासाठी चुकलाय, कागदावर तो कितीही बरोबर असो. माद्या वाढवा किंवा नर काढा.

माझ्या त्या तांबडीची चीर महिन्याभरात भरली. पिसं यायला पीसझडीपर्यंत सात महिने गेले. तिघांतले दोन नर आधीच गेले होते.

पायरी 10: खाणं आणि फळलेल्या अंड्यांची तपासणी

अंड्यावरच्या माद्यांच्या खाद्यात कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के असतं. नराला 1 टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं वर्षानुवर्षं गेलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. एकाच भांड्यात दोघांना द्यायचं असेल तर सगळ्यांना वाढीचं साधं खाद्य द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. माद्या लागेल तेवढा खातात, नर बहुधा तोंड लावत नाही.

नर पुरेसा आहे का, हे अंडंच सांगतं. ताजं अंडं बशीत फोडा आणि बलकावरचा पांढरट ठिपका बघा. ठिपका लहान, गच्च पांढरा, कडा वेड्यावाकड्या, तर अंडं वांझ. ठिपका थोडा मोठा, गोल, आणि त्यात वर्तुळात वर्तुळ, डोळ्याच्या बाहुलीसारखं, तर फळलेलं. फळलेलं अंडं खायला तसंच असतं. फक्त रोजच्या रोज गोळा करून थंड जागी ठेवा, उबेत राहिलं तर आत वाढ सुरू होते.

आठवडाभरात अशी 10 अंडी बघा. 8-9 फळलेली असतील तर नर पुरेसा आहे, दुसऱ्याचा विचारही नको. 5-6 च असतील तर नराचं वय, वजन, पाय आणि उवा आधी बघा. ब्रह्मा-कोचीनसारख्या झुबकेदार जातींत गुदद्वाराभोवतीची दाट पिसंच आड येतात. नर-मादी दोघांची तिथली पिसं कात्रीने थोडी कमी करा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा 10 अंडी फोडून बघा.